पांढऱ्याखालची वीण

छापखान्यात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि मालक पाहुण्यांना ओळख करून द्यायचे तेव्हाही तेच म्हणत. मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांना ठिपके घालून सावली आणायची, तुटलेली रेघ जोडायची, कुठे शाई पसरली असेल तर ब्लेडच्या टोकानं खरवडून कागद पुन्हा पांढरा करायचा, हे तिचं काम. काम नीट झालं की ते कुणाला दिसत नसे आणि बिघडलं की शिपायालाही दिसत असे. अशा कामात माणसाचं नाव कुणाच्या लक्षात राहावं असं काही नसतं, आणि ते राहिलंही नव्हतं.

चित्रांची खोली मागच्या अंगाला होती. एकच खिडकी, उत्तरेची, समोर गोदामाची आंधळी भिंत. खाली यंत्रं सुरू झाली की टेबल बारीक थरथरायचं, म्हणून तिनं त्याच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले होते. तरी थोडं थरथरायचंच. रविवारी घरी ते थरथरणं नसलं की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

चित्रकार नक्षीवाले हे त्या छापखान्याचं भूषण. काखेत पुठ्ठ्याचं सपाट पार्सल घेऊन यायचे, चहा नको म्हणायचे, आणि पार्सल मालकांच्या टेबलावर ठेवून उभ्याउभ्याच परत जायचे. त्यांच्या चित्रांत बोटभर जागा रिकामी नसे. भिंतीवर वेल, जमिनीवर फरश्यांची नक्षी, पडद्यावर मासे, चादरीवर पानं, आणि त्या सगळ्या गर्दीत एखादं मूल. पोरं ती पुस्तकं नाक टेकवून बघत. ठिपकेबाईशी ते आयुष्यात एकदाच बोलले होते. दुसऱ्या कुणाच्या चित्रात ती सावली भरत असताना मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "फार आहेत." म्हणजे ठिपके. ज्याच्या चित्रात श्वास घ्यायला जागा नाही त्यानं आपल्याला फार म्हणावं, याचा तिला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग तिनं ठिपके कमी केले.

ते वारले तेव्हा शेवटचं पुस्तक अर्धवट होतं. एका मुलीचा एक मोजा हरवतो. ती उरलेला मोजा एका पायात घालून घरभर शोधत फिरते, प्रत्येक पानावर एक खोली. शेवटच्या पानावर दमून खुर्चीत बसते, तर मोजा तिच्याच खाली असतो. गोष्ट एवढीच. बाकीची चित्रं झाली होती. शेवटची तीन पेन्सिलीच्या कच्च्या रेघांत होती: जिना, माळा आणि खुर्चीची खोली.

मालकांनी तिला बोलावून पार्सल पुढे सरकवलं. "ही तीन तुम्ही पुरी करा."

"मी?"

"मग काय मी करू? बाहेरून एखादा चित्रकार आणला तर तो आपलंच घोडं दामटणार. तुमचं तसं नाही. तुमचं स्वतःचं असं काही नाहीच ना." मालकांच्या मते हे कौतुक होतं. "मात्र त्यांचं कुठं संपलं आणि तुमचं कुठं सुरू झालं, हे कुणाला कळता कामा नये."

ती पार्सलच्या दोरीची गाठ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "नाव घालाल का?"

"त्यांचं तर घालणारच."

"माझं."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतक्या वर्षांत या बाईनं एका पंख्याशिवाय काही मागितलं नव्हतं, आणि पंखाही मिळाला नव्हता.

"असं बघा," ते म्हणाले, "हक्क त्यांच्या बहिणीकडे आहेत. बाई कडक आहेत. सगळी चित्रं त्यांच्यापुढे मांडायची. त्यांनी तुमची ओळखून काढली तर पुस्तकच बारगळलं, मग नाव कसलं नि काय. नाही ओळखली, तर पहिल्या पानाच्या मागे, बारीक टाइपात, घालू तुमचं नाव. झालं समाधान?"

"झालं."

जिना उतरताना तिच्या ध्यानात आलं, की आपण चित्रांत कुठेही सापडलो नाही तरच आपलं नाव छापून येणार. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

नाव हा प्रकार मुळात त्याचाच. तो घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचा, त्यामुळे कुठेही काही छापलेलं दिसलं की ते शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याला राहवत नसे. ती नवं पुस्तक घरी आणायची तेव्हा तो आपल्या खुर्चीत बसून पहिलं पान उघडायचा, लेखक, चित्रकार, मुद्रक, पत्ता, सगळ्यांवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "याही वेळी विसरले वाटतं." दर पुस्तकाला हेच. ती म्हणायची, "पुरे झाला चावटपणा." त्याला जाऊन आता दुसरं वर्ष लागलं होतं. तो होता तोवर तिला नावाची पर्वा नव्हती, कारण शोधणारं कुणीतरी होतं. आता पुस्तकं आणली तशी कपाटावर पडत. तिला एकदा, एकदाच, ते पान उघडून त्याला दाखवल्यासारखं करायचं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. घरात ती, सासूबाई आणि ती खुर्ची. सासूबाईंच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्यातला त्या काढू देत नव्हत्या. "एकानं दिसतंय तेवढं पुष्कळ झालं, आणखी काय बघायचं राहिलंय," असं त्यांचं म्हणणं. खुर्ची वेताच्या विणीची. त्यांचा मुलगा पायपीट करून संध्याकाळी आला की एक पाय दुमडून धपकन तिच्यात बसायचा. असं वर्षानुवर्षं बसून विणीला उजव्या अंगाला खोलगा पडला होता, वाटी दाबून ठेवावी तसा. तो गेल्यावर सासूबाईंनी एक दिवस कुणाला न विचारता विणणाऱ्याला घरी बोलावलं. जुनी वीण तुटायला आली होती हे खरंच. नवी बसली ती पत्र्यासारखी ताठ. जुनीचं भेंडोळं विणणारा बरोबर घेऊन गेला. सून कामावरून आली, खुर्चीकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. सासूबाईही बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्या खुर्चीत दोघींपैकी कुणी बसत नव्हतं. वाळलेले कपडे तेवढे बसत.

"यंत्रांच्या थरथरीत हे काम नको, घरीच करा," असं मालक म्हणाले होते. तिनं खिडकीशी टेबल ओढलं आणि नक्षीवाल्यांची तयार चित्रं एकेक करून भिंगाखाली धरायला सुरुवात केली. बरेच दिवस तिनं एकही रेघ काढली नाही.

"काढतेयस की नुसतीच बघतेयस?" सासूबाई येता-जाता विचारायच्या.

"बघतेय."

"बरं आहे. हल्ली बघण्याचाही पगार देतात म्हणजे."

"कळल्याशिवाय कसं काढणार, आई?"

"आमच्या वेळी काढता काढता कळायचं. जेवायला ये, का भिंगातूनच जेवतेस?"

नक्षीवाल्यांची नक्षी लांबून एकसारखी वाटे, जवळून ती तशी नव्हती. चादरीवरच्या पानाला पाच शिरा होत्या, पण चादर जिथं दुमडली तिथं तीनच. मागच्या रांगांतल्या फरश्या लहान होत जायच्याच, पण त्याखेरीज दर रांगेला नक्षीतली एकेक रेघ गळत जायची, आणि भिंतीशी पोचेपर्यंत फरशीत नुसता एक ठिपका उरायचा. पट्टी कुठेच लावलेली नव्हती. कोपऱ्यात अंधार साचलेला असे, आणि तो निराळा घातलेला नसे, तीच नक्षी जवळजवळ आणून केलेला असे. तेव्हा कुठे तिला नक्षीवाल्यांचं ते जुनं "फार आहेत" उमगलं. सावली वरून टाकायची नसते. जे आहे तेच दाटीवाटीनं बसवलं की अंधार आपोआप होतो.

हे सगळं कळूनही तिच्या हातून ते उतरेना. ट्रेसिंग कागदावर गिरवलं की हुबेहूब यायचं, बघून काढलं की मरायचं. नक्षीवाल्यांची मुलगी खोलीत आत्ताच आल्यासारखी आणि लगेच निघून जाणार असल्यासारखी दिसे. ठिपकेबाईची मुलगी खोलीत रुतलेली दिसे. फरशीची रेघ मुलीच्या कोपराशी येऊन थांबायची आणि पलीकडून पुन्हा निघायची तेव्हा केसभर इकडेतिकडे व्हायची. केसभरच, पण तेवढ्यानं सगळं घर त्या पोरीला बिचकून अंग चोरतंय असं वाटायचं. नक्षीवाल्यांच्या चित्रात घराला मुलीचा पत्ताच नसे.

एका सकाळी चित्रावर पडलेला केस उचलताना तिचं बोट मुलीच्या झग्यावर टेकलं. तिथं काहीतरी लागलं. तिनं डोळे मिटून बोट पुन्हा फिरवलं. झग्याच्या कडेनं अगदी बारीक उंचवटा होता, भिंतीवरचा जुना रंग पोपडा धरायच्या आधी लागतो तसा. तिनं चित्र उचलून खिडकीच्या काचेला लावलं. बाहेरचा उजेड कागदातून आला आणि मुलीच्या पोटात फरश्या दिसल्या. एकामागोमाग एक, सगळ्या, एकही न चुकता.

म्हणजे हा माणूस आधी सगळी खोली शाईत पुरी करायचा, कुणीही नसलेली. मग हवी तेवढी जागा पांढऱ्या रंगानं झाकायचा आणि त्या पांढऱ्यावर मुलगी काढायचा. छापल्यावर यातलं काही दिसत नाही. तिनं एकेक चित्र काचेला लावून पाहिलं. न्हाणीघरातली मुलगी, पलंगाखाली वाकलेली मुलगी, कपाटात शिरलेली मुलगी. प्रत्येकीच्या आत खोली तशीच्या तशी होती. कुणी आलं नसतं तरी काही अडलं नसतं, अशी ती घरं होती. तिनं उठून खिडकी लावून घेतली.

पण आता काम सरकलं. जिन्याचं चित्र तिनं आधी रिकाम्या जिन्याचं केलं, प्रत्येक पायरीवरच्या गालिच्याच्या फुलासकट, आणि मग मुलीपुरती जागा झाकली. माळ्यावरच्या टोपल्या केल्या, वरच्या टोपल्यांत वीण मोकळी आणि तळच्या टोपल्यांत मिटत गेलेली. ही चित्रं काढताना तिला स्वतःचा हात परका वाटू लागला. चांगला हात होता तो, शांत, कशाचीच घाई नसलेला. मालक बघून म्हणाले, "बाई, तुम्ही तर गेलाच की हो कुठल्या कुठे." तिनं ते आपल्या हिशेबानं शुभच धरलं.

राहिलं खुर्चीचं. त्या कच्च्या चित्रात जेमतेम काही रेघा होत्या: भिंत, खिडकी, खुर्चीचा सांगाडा, मुलगी कुठे बसणार त्याचा एक लांबट गोल, आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं 'वेत'. आधीच्या कुठल्याच चित्रात वेताची खुर्ची नव्हती. नमुनाच नव्हता. तिनं भिंतीवरची वेल केली, पडदा केला, आणि एका संथ सकाळी खुर्चीच्या विणीला हात घातला. उभे वेत, आडवे वेत, मग तिरके. मध्ये राहणारी आठकोनी भोकं. डोकं कुठेतरी दुसरीकडे होतं. हाताला काम ठाऊक असलं की असं होतं. बैठक पुरी करून ती मागे सरकली तेव्हा तिला दिसलं, की वीण उजव्या अंगाला उतरत गेली आहे. तिथली भोकं ताणून लांबट झाली आहेत. आणि खोलग्याच्या काठाशी, जिथं वेताची एक पात तुटली होती आणि नवऱ्यानं ती विजेच्या वायरीचा तुकडा पिळून बांधली होती, तिथं ती वायरही तिनं काढली होती, पिळासकट.

सासूबाई चहा घेऊन आल्या. "झालं का तुझं घर?" म्हणत कप ठेवायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. त्यांनी चांगला डोळा कागदाजवळ नेला.

"वायर आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी म्हटलं होतं त्याला, दोरा बांध, वायर टोचेल. ऐकेल तर शपथ."

"टोचायचीच. विजारीला भोकं पडलेली, मीच रफू करायची."

"तरी उठायचा नाही."

दोघी बघत राहिल्या. चहावर साय धरली.

"उगाच विणून घेतली मी," सासूबाई म्हणाल्या. हा विषय त्या दोघींत आज पहिल्यांदा निघत होता. "विणणारा खाली हाका मारत चालला होता. मला वाटलं, तू रोज ते बघतेस."

"तुटलीच असती ती, आई."

"तुटली असती तर तुटली असती." त्यांनी कागदाच्या कडेला हात लावला. "हे आता असंच राहू दे."

"इथं मुलगी बसायची आहे."

"कुठं?"

"खुर्चीत."

"दुसरीकडे बसव. एवढं मोठं घर काढलंयस, त्यात त्या कार्टीला हीच जागा सापडली?"

"गोष्टच तशी आहे. मोजा खुर्चीत सापडतो."

"मेला तो मोजा."

तेव्हा ठिपकेबाईनं त्यांना काचेवर धरून नक्षीवाल्यांची चित्रं दाखवली. मुलीच्या आत कशी फरशी शाबूत आहे, ते दाखवलं. "असंच राहील बघा. वरून फक्त पांढरा रंग येणार. पुस्तक छापून झालं की मी तो काढून टाकीन. खरवडायचंच तर काम करते मी जन्मभर."

"नक्की?"

"नक्की."

"मग बसव," सासूबाई म्हणाल्या. "पण जड काढू नकोस तिला."

बहीणबाई ठरलेल्या दिवशी छापखान्यात आल्या. ताठ बसणाऱ्या, पर्स मांडीवर धरून ठेवणाऱ्या. मोठ्या टेबलावर सगळी चित्रं गोष्टीच्या क्रमानं मांडली होती. मालक शेजारी उभे, ठिपकेबाई भिंतीशी. बहीणबाईंनी एकेक चित्र पाहिलं. प्रत्येकावर थोडं थांबल्या, एकदोनदा डोळे टिपले. जिना पाहिला, माळा पाहिला. खुर्चीशी येऊन थांबल्या त्या हलेचनात.

"हे त्याचं नाही," त्या म्हणाल्या.

मालकांनी घसा साफ केला. "कशावरून म्हणता?"

"ही खुर्ची वापरातली आहे." मुलीच्या झग्याखालून, दोन्ही बाजूंनी, उतरत गेलेली वीण जेवढी दिसत होती तेवढ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "आमच्या घरी खुर्च्या आल्यागेल्यासाठी असायच्या. आम्ही भावंडं खाली बसायचो. बसलो चुकून तर मार मिळायचा. त्यानं जन्मभर तेच घर काढलं. त्याच्या एका खुर्चीला कुणी बसून पडलेला खोलगा दाखवा मला, एका उशीला डोकं टेकल्याची खूण दाखवा. नाही सापडणार." मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "कुणी काढलंय?"

"मी," ठिपकेबाई म्हणाली.

बहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. "तुमच्याकडे बसत होतं वाटतं कुणी."

"हो."

"चांगली काढलीय. पण त्याच्या पुस्तकात नको. ताठ करून द्या, मग छापा."

"आणि बाकीची दोन?" मालकांच्या तोंडून निसटलं.

"कुठली दोन?"

मालकांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "काही नाही," म्हणाले, "सहज विचारलं."

त्या गेल्यावर ते खूश होते. "दोन पचली की हो. ही एक नीट करा आणि नाव घ्या. दिलेला शब्द आहे." मग खुर्चीच्या चित्राकडे बघून म्हणाले, "हे घेऊन जा घरी. आपल्याला काय उपयोग."

नवं चित्र करायला फार दिवस लागले नाहीत, कारण या वेळी नमुना घरातच होता. तिनं खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले, खुर्ची खिडकीशी आणली आणि समोर बसून भोकाला भोक लावत ती पत्र्यासारखी वीण उतरवली. सासूबाई दारातून बघत होत्या. मग पांढरं देऊन वर मुलगी बसवली; मोज्याचं टोक तेवढं तिच्या झग्याखालून बाहेर डोकावत होतं. बहीणबाईंनी निरोप धाडला, की आता बरोबर आहे.

टाइपांची जुळणी करणारा वर आला, कागद पुढे करून म्हणाला, "बाई, नाव घालायचंय म्हणे. काय तुमचं नाव?" त्याच्या शेजारी बसून तिनं इतकी वर्षं डबा खाल्ला होता. तोही ओशाळला. तिनं नाव सांगितलं. स्वतःच्या तोंडून ते किती दिवसांनी ऐकलं, हे तिला आठवेना.

पुस्तक आलं ते तिनं घरी नेलं. हातपाय धुतले. खुर्ची मोकळी केली, तिच्यासमोर खाली बसली आणि पहिल्या पानाची मागची बाजू उघडली. लेखक, चित्रकार, मुद्रक, पत्ता, आणि खाली मुंगीएवढ्या टाइपात तिचं नाव. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि पुस्तक खुर्चीकडे वळवून धरलं. बराच वेळ धरलं. हात दुखायला लागला.

आतून सासूबाईंनी विचारलं, "याही वेळी विसरले का?"

"नाही," ती म्हणाली. "या वेळी नाही."

सासूबाई बाहेर आल्या नाहीत. ठिपकेबाईला वाटत होतं, की हे झालं म्हणजे आत कुठेतरी काहीतरी हलेल. हललं एवढंच, की नवऱ्याचं ते वाक्य आता पुन्हा म्हणायची सोय उरली नव्हती. नाव नव्हतं तोवर ते घरात अधूनमधून ऐकू यायचं. तिनं पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं.

रविवारी दुपारी सासूबाई म्हणाल्या, "आता ते काढ. बोलली होतीस."

तिनं परत आलेलं चित्र टेबलावर घेतलं. नवं ब्लेड मोडून कोन काढला, मनगट टेकवलं आणि मुलीच्या झग्याच्या कडेपासून सुरुवात केली. ब्लेड आडवं धरून, अंगठ्याखालून, पापुद्र्यामागून पापुद्रा, असं ती जन्मभर करत आली होती. पांढरा रंग भुकटी होऊन सुटत होता. ती फुंकर मारत होती आणि पुढे जात होती. चांगला दोन बोटं भाग झाल्यावर तिनं फुंकर मारली आणि थांबली. खाली वीण नव्हती. कोरा कागद होता, तिच्याच हातानं स्वच्छ केलेला. पांढऱ्यानं खालची शाई धरून ठेवली होती आणि जाताना तो ती घेऊन गेला होता. तिच्या हाताला काळं काढून पांढरं ठेवायची सवय. पांढरं काढून काळं ठेवायची वेळ त्या हातावर कधी आलीच नव्हती, आणि हे आधी कापसानं, पाण्यानं, कशानं तरी कोपऱ्यात करून बघावं, एवढंही त्याला सुचलं नव्हतं. इतकी त्याला स्वतःची खात्री होती.

"उठली का ती पोर?" पलंगावरून सासूबाईंनी विचारलं.

"उठतेय."

"सावकाश उठव."

अर्धी मुलगी ठेवून भागण्यासारखं नव्हतं. तिनं कापूस ओला करून पाहिला, पांढऱ्याचा आणि काळ्याचा मिळून राखाडी चिखल झाला. तो पुसला, पुन्हा ब्लेड घेतलं. वायरीच्या जागी ती फार सांभाळून गेली. तिथं पिळाचा एक तुकडा क्षणभर दिसला, अगदी स्पष्ट, आणि पुढच्या फुंकरीबरोबर उडाला. काठांवरची वीण तेवढी राहिली, आत कुठेतरी उतरत चाललेली.

मग तिनं दुसरा कागद घेतला. आठवणीनं काढून बघायला काय हरकत आहे, एकदा तर न ठरवता आलं होतं. उभे वेत, आडवे वेत, मग तिरके. वीण आली ती ताठ. तिनं कागद उलटा करून पुन्हा काढली. पुन्हा ताठ. हाताला आता नवी खुर्ची पाठ झाली होती. उजवीकडे मुद्दाम उतरवून पाहिलं, तर तो खोलगा कुणाचाच नव्हता. उशी टाकून कुणीही पाडावा तसा.

सासूबाई उठून आल्या. चांगला डोळा कागदाजवळ नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. मग डोळ्यावर भरवसा नसल्यासारखं करून त्यांनी खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि हळूहळू उजवीकडे नेलं. तिथं वायरीसाठी ब्लेड पुन्हा पुन्हा फिरलं होतं. कागद झिजून पातळ झाला होता आणि थोडा आत गेला होता.

"इथं खोल लागतंय," त्या म्हणाल्या.

ठिपकेबाईनं ब्लेड पुसून डबीत ठेवलं. सासूबाईंचं बोट त्याच जागी थांबलं होतं, उचलायची त्यांना घाई दिसत नव्हती. बाहेर दोरीवरचे कपडे वाळले होते. ती जाऊन ते काढून आली, आणि घडी घालायला नेहमीसारखे खुर्चीत टाकले.